चावी कुणाच्या कमरेला?

बोलायला सुरुवात करण्याआधी आप्पा उजव्या हाताने कमरेवर दोनदा थोपटायचे. तिथे करदोड्याला चाव्यांचा जुडगा अडकवलेला असायचा. तो खळखळला की समजायचं, आता प्रश्न येणार. आणि प्रश्न ठरलेला. गावात नवी पतसंस्था निघो, शाळेला नवी खोली मिळो, नाहीतर कुणाच्या घरात सून येवो, सगळं कौतुक ऐकून घेऊन आप्पा म्हणायचे, "ते सगळं लई झ्याक हाय. पण चावी कुणाच्या कमरेला हाय?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याजवळ एकच प्रश्न असतो आणि तो सगळीकडे चालतो. आपण आधी हसतो, मग चिडतो, आणि पुढे कधीतरी स्वतःच तो विचारायला लागतो. माझं तरी असंच झालं.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण वडवणीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. पेठेत दर चार दुकानांमागे एक आप्पा आहेत. हे आमचे बॅटरीवाले आप्पा. घरचा किराण्याचा धंदा धाकट्या भावाकडे देऊन यांनी तरुणपणीच बॅटऱ्या-इन्व्हर्टरचं दुकान टाकलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढऱ्या शर्टाला ॲसिडने पडलेली बारीक भोकं. दुपारी ते जेवायला गेले की गल्ल्यावर आक्का, म्हणजे त्यांची बायको, बसायच्या. आमचं घर बरोब्बर समोर. इन्व्हर्टरला कान लावून "हिला तहान लागलीय" म्हणणारे आप्पा मी लहानपणापासून बघत आले.

मी कॉम्प्युटर इंजिनीअर झाले आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करू लागले. आप्पांच्या मते ते काम नव्हतंच. "दिवसभर काचंला तोंड लावून बसती," ते आईला सांगायचे, "पर पोरगी गुणाची हाय."

आता फुलांचं सांगते. आमच्या आसपासच्या गावांत दसऱ्यासाठी झेंडू करतात. सगळ्यांचा झेंडू एकदमच फुलतो, सगळे एकदमच तोडतात, आणि बाजारात इतका ढीग पडतो की दुपारनंतर फुलं रस्त्याच्या कडेला टाकून टेम्पो रिकामे परत जातात. एकदा आप्पांच्या दुकानातल्या बाकड्यावर तात्या नावाचे एक फुलवाले शेतकरी डोकं धरून बसले होते. तात्यांची जीभ म्हणजे विळा, पण त्या दिवशी ते गप्प होते. आप्पांनी रस्त्यापलीकडून मला हाक मारली. "ये पोरी, तुज्या काचंचा काही उपयोग हाय का बग ह्यान्ला!"

त्यातून आमचं ॲप निघालं. कल्पना साधी होती. कुणाच्या शेतात किती क्रेट फुलं निघतील ते शेतकऱ्याने आधी टाकायचं, गेवराईपासून कड्यापर्यंतच्या हारवाल्यांनी आपल्याला लागतील तेवढे क्रेट धरून ठेवायचे. खंडेनवमीला सकाळी आठ वाजता नोंदणी बंद. मग कुणी किती तोडायचं आणि कुठे पोचवायचं याची यादी ॲपवर यायची. जेवढं धरलं तेवढंच तोडायचं, बाकीचं झाडावर राहू द्यायचं दिवाळीला.

प्रश्न उरला तो ॲपच्या मागच्या बाजूचा. ही सगळी माहिती राहणार कुठे? मी म्हटलं, क्लाऊडवर. आमच्या दुष्काळी भागात पाऊस कसा पडतो हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे क्लाऊड शब्द काढल्याबरोबर बाकड्यावरच्या प्रत्येकाने ढगावरचा विनोद केला. तात्यांनी तर दोन केले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी कमरेवर थोपटलं.

"चावी कुणाच्या कमरेला?"

"क्लाऊडवाल्या कंपनीच्या," मी म्हटलं. "पण आप्पा, सगळं तेच बघतात. मशीन बिघडलं, गर्दी वाढली, कुणी चोरून घुसलं, तरी आपल्याला बघावं लागत नाही."

"कंपनी बसती कुटं?"

"तशी... बाहेर."

"बाहेर म्हंजी बीडला?"

"आणखी बाहेर."

"आन् तिनं उद्या दार लावलं तर आमी कुणाचं दार वाजवायचं?"

"त्यांना मेल करायचा."

"मेल," आप्पा म्हणाले आणि तात्यांकडे बघत राहिले. तात्यांनी मान हलवली. संपला माझा क्लाऊड.

मला काय राग आला म्हणून सांगू! मी चार वर्षं शिकले होते, कंपनीत हेच काम करत होते, आणि इथे एक बॅटरीवाला आणि एक फुलवाला मिळून मला नापास करत होते. मी तणतणत म्हटलं, "मग ठेवा तुमच्या घरात! सर्व्हर आणा, लाईट गेली तर चालू ठेवा, रात्रंदिवस राखण करा."

"आनू की," आप्पा म्हणाले. "लाईटची भीती कुणाला दावती? मागच्या खोलीत बारा बॅटऱ्या हायती. गावात अंधार पडला तरी माजा पंखा थांबत न्हाई."

आणि खरोखर आणलं. बीडमधल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचं मशीन त्यांनी टेम्पोत घालून, उशी लावून, स्वतः शेजारी बसून आणलं. मागच्या खोलीला लोखंडी दार होतं, त्याला नवं कुलूप लागलं. आठ दिवस मी आणि आप्पा त्या खोलीत बसून तारा ओढत होतो. खरं सांगते, मला मजा आली. कंपनीत मी ज्या मशीनवर काम करायचे ते मी कधी बघितलंही नव्हतं. इथे ते समोर घुरघुरत होतं. फुलवाले बाजाराच्या दिवशी यायचे, खोलीत डोकावायचे, आपली माहिती त्या पेटीत आहे हे डोळ्यांनी बघायचे आणि समाधानाने जायचे. पहिला दसरा असा पार पडला की रस्त्याच्या कडेला एक फूल दिसलं नाही. तात्यांनी मला साडी घेतली. आप्पा मला भेटेल त्याच्यासमोर विचारायचे, "सांग आता, चावी कुणाच्या कमरेला?" आणि मी दात ओठ खात म्हणायचे, "तुमच्या!"

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी मात्र मी जन्मात विसरणार नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्यावर पोट चालतं ते पुसून-धुऊन मांडायचं, गंध-फूल वाहायचं, आणि पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. आप्पा याबाबतीत कडक. पाने, पक्कड, बॅटरीचं पाणी मोजायची काचेची नळी, सगळं पाटावर. स्वतःचा मोबाईलसुद्धा पाटावर, त्याला गंधाचं बोट. एवढं करून ते गंधाची वाटी घेऊन गावात निघायचे. आजवर ज्या ज्या घरात त्यांनी इन्व्हर्टर बसवला होता, त्या प्रत्येक इन्व्हर्टरला गंध लावायचं. ही त्यांची स्वतःची पद्धत. "लेकी दिल्यात त्या घरी," म्हणायचे, "सणाला बगून यावं लागतं."

त्या सकाळी आठला नोंदणी बंद झाली, यादी लागली, शेतांत तोडणी सुरू होणार, आणि साडेनऊला ॲप गप्प. मला वाटलं नेट गेलं. नेट होतं. तेवढ्यात तात्यांचा फोन. "पोरी, बाया बांधावर बसल्यात. किती तोडू? यादी दिसंना! ऊन चढल्यावर फूल हाताला लागत न्हाई बग."

धावत पलीकडे गेले. लोखंडी दाराला कुलूप. आतून शेकोटीशेजारी यावा तसा गरम वास. आप्पांना फोन लावला तर तो पाटावर वाजला, गंध लावलेला. आक्का आतून आल्या.

"आक्का, दुसरी चावी?"

"दुसरी कुटली? एकच हाय, त्यांच्या कमरेला."

"मग कुलूप तोडू."

"तोड की," आक्का शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यात मोठं बगून त्यांनीच आणलंय. तुज्यानं तुटलं तर मला बी दाव."

मग मी स्कूटीवरून आप्पांना शोधत निघाले. मास्तरीण बाईंकडे गेले: "आत्ताच गेले गं, चहा घेऊन." शिंप्याकडे: "आत्ताच उठले, शिरा खाऊन." तिसरीकडे म्हणाले, "बस की, तू पण थोडा खा." प्रत्येक घरी इन्व्हर्टरवर ओलं गंध, आणि आप्पा एक घर पुढे. फोन कानाशी वाजतच होता. एव्हाना अर्ध्या लोकांनी अंदाजाने तोडायला सुरुवात केली होती. मला रडू येत होतं, आणि तरी सांगते, पाचव्या घरी मला हसूही आलं. सगळ्या वडवणीने मिळून एका माणसाला खायला घालून लपवलं होतं.

ते गिरणीत सापडले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बॅटरीला गंध लावत होते. मी ओरडले, "आप्पा, मशीन बंद पडलंय! चावी!"

त्यांचा हात कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. या वेळी थोपटलं नाही.

स्कूटीवर मागे बसून, एका हातात वाटी धरून आले. दार उघडलं. आतलं दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. मशीनवर विभूतीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू, आणि तात्यांच्या शेतातल्या पहिल्या तोडीचा, मनगटाएवढा जाड झेंडूचा हार. समोरून दोन वेढे, मागून एक. हवा आत जायची जाळी बंद, बाहेर यायची जाळीही बंद. आतली फुलं भाजून तपकिरी झाली होती. बिचारं मशीन श्वास कोंडून गेलं होतं, आणि ते कुणी वैऱ्याने नाही, इतक्या लाडाने केलं होतं.

पूजा मांडलेली, आणि आप्पा कसे आहेत ते मला माहीत. पण त्यांनी एक क्षणही दवडला नाही. "शिव शिव" म्हणत हार ओढून काढला, पाटावरचा पाना उचलला, मशीनचं झाकण उघडलं आणि गिऱ्हाइकासाठी आणलेला मोठा फर्राटा पंखा समोर लावला. मशीनच्या आतल्या पंख्यात विभूती गेली होती, ती स्वतःच्या शर्टाने पुसली. बाराच्या पुढे मशीन घुरघुरलं. यादी दिसली. निम्म्या शेतांतली तोडणी बरोबर झाली. बाकीच्या निम्म्यांनी भरमसाट तोडून ठेवलं होतं.

तिसऱ्या प्रहरी तात्यांचा टेम्पो दुकानासमोर थांबला. मागे आणखी दोन. तात्यांनी फाळका पाडला आणि फुलं रस्त्यावर ओतली, पिवळी, केशरी, गुडघाभर. "घ्या आप्पा," म्हणाले, "घाला तुमच्या मशीनला. पोटभर घाला!"

सगळी पेठ बघत होती. आप्पा पायरीवर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "माजी चूक हाय. ह्या पोरीची न्हाई, मशीनची न्हाई. ज्यांची फुलं वाया गेली त्यांची सगळी मी घेतली." मग खाली बसले, ढिगातलं एक फूल उचललं आणि सुई-दोरा मागितला.

आधी आक्का बसल्या. मग माझी आई. मग समोरचा सायकलवाला, मागच्या गल्लीतल्या बाया. संध्याकाळपर्यंत पेठेत हार नाही असं काही उरलं नव्हतं. विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या, हातगाडे, उभ्या मोटारसायकली, सायकलवाल्याची म्हैस. तात्या शिव्या देत बसले ते हार ओवता ओवता गाणी म्हणायला लागले. शेवटी त्यांनी एक हार स्वतः आप्पांच्या गळ्यात घातला. "जाळी मोकळी ठिवलीय," म्हणाले, "श्वास घ्या." आप्पा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

दसऱ्याला सोनं द्यायला गेले तर आप्पांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि हात सोडला नाही.

"पोरी, दे ते सगळं तुज्या ढगवाल्या कंपनीला."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हटलं, "आप्पा, राहू द्या ना. फक्त हार नका घालू."

"हाराचं न्हाई गं. चावी माज्या कमरेला हुती आन् मी गिरणीत बसलोतो. एका माणसाच्या कमरेला चावी म्हंजी हरवल्यासारखीच ती. मी लई वर्षं हे उलटं धरून बसलोतो."

पण आप्पाच ते, दोन अटी घातल्याच. एक, दर सोमवारी कंपनीकडच्या सगळ्या माहितीची नक्कल आपल्या मशीनवर उतरवायची. "तिनं दार लावलं तर आपल्या घरात सामान पायजे." दुसरी, त्या खात्याला जो मोबाईल नंबर जोडायचा, खात्री करायला ज्याच्यावर आकडे येतात, तो त्यांचा. मी विचारलं, "माझा का नको?"

"तुजं लगीन हुईल, तू जाशील. काम बदलशील, फोन बदलशील. मी कुटं जातोय?"

पुढचे दसरे बिनघोर गेले. नवमीच्या सकाळी कितीही गर्दी झाली तरी कंपनी सांभाळायची. मी घरी बसून पुरणपोळी खायचे. दर सोमवारी उपास सोडायच्या आधी आप्पा मागच्या खोलीत जाऊन नक्कल उतरवायचे आणि मला फोन करायचे, "आलं सामान." खंडेनवमीला मशीनची पूजा होतच राहिली. पण फूल एकच, वरती, जाळीपासून वीतभर लांब. ते ठेवताना माझ्याकडे असं बघायचे की जणू हार मीच घातला होता.

माझं लग्न झालं, मी कड्याला आले. आणि गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा दुकानाला कुलूप होतं. त्या दाराला दिवसा कुलूप मी पहिल्यांदाच बघितलं. मी रस्त्यात उभी राहून रडले.

यंदा नोंदणी सुरू करायची त्याच्या आदल्या दिवशी माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. नवा घेतला, क्लाऊडच्या खात्यात शिरायला गेले, तर कंपनी मला ओळखेना. नवा फोन, नवी जागा. खात्री करण्यासाठी आकडे पाठवले आहेत म्हणाली, आणि खाली नंबराचे शेवटचे दोन अंक दाखवले. आप्पांचे.

नंबर बदलायचा हे डोक्यातच आलं नव्हतं. गेलेल्या माणसाचं सिमकार्ड कोण चालू ठेवतं? सोमवारची नक्कलही आता कुणी उतरवत नव्हतं. उद्या फुलवाले ॲप उघडणार, आणि मी दाराबाहेर. कंपनीला मेल करायचा, एवढंच हातात होतं. मेल! आप्पांचं तात्यांकडे बघणं आठवलं.

तरीही तो नंबर लावला. रिंग गेली. आणि कुणीतरी उचलला.

"कोण?" आक्का होत्या.

"आक्का, मी! अहो, फोन चालू आहे?"

"कावून बंद आसंल? ते सांगून गेलेत, ह्यो नंबर फुलवाल्यांचा हाय, मोडायचा न्हाई. मी ध्यान ठिवून रिचार्ज मारती."

"आक्का, त्याच्यावर आत्ता काही आकडे आले असतील बघा. ते मला सांगा."

आक्कांचा आवाज बदलला. "आकडे कुणाला सांगायचे न्हाईत."

"अहो, मी आहे! ओळखलं नाही?"

"आवाज तर तुजाच हाय. पर आवाजावर जायाचं न्हाई आसं ते बोललेत. हल्ली आवाज बी काडत्यात म्हणं लोक. आमचं मशीन कावून बंद पडलंतं, ते सांग आदी."

मला हसू फुटलं. "आप्पांनी हार घातला होता म्हणून. पुढून दोन वेढे, मागून एक."

पलीकडे आक्का हसल्या. खूप वेळ हसल्या, मग पदर नाकाला लावल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी एकेक आकडा सावकाश, दोन-दोनदा सांगितला. मी टाकला. ॲपची मागची बाजू उघडली. सगळी शेतं, सगळे क्रेट, तात्यांचं नाव सगळ्यात वर.

"लागली का चावी?" आक्कांनी विचारलं.

"लागली, आक्का."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवायच्या आधी पलीकडून आवाज आला, कमरेवर दोनदा थोपटल्याचा. जुडगा खळखळला.